रोहिणखेडचा शेगडा

राजूर घाट उतरून मोताळ्याच्या वाटेला लागलं की डाव्या हाताला एक गाव लागतं. तिथं चांगुणा लोहारणीचा भाता चालायचा. नवरा कचरू तापानं गेला, आणि तेरावं उरकल्यावर चौदाव्या दिवशी तिनं स्वतः भट्टी पेटवली. गाव बघत राहिलं. बाई विळ्याला पाणी देते हे काही गावाला नवीन नव्हतं, पण बाई ऐरणीपुढं धन्याच्या जागी बसते हे नवीन होतं. घण मारायला तिनं शेजारच्या शालूबाईला घेतलं. शालूबाई मजुरीला जाणारी, हाडापेरानं दणकट. दोघींचं जमलं.

महाराष्ट्र होऊन तेव्हा तीन-चार वर्षं झाली असतील. विहिरींवर इंजिनं बसू लागली होती आणि त्यांच्यामागं बोल्टांची, पट्ट्यांची, कानशीची कामं आली होती. अशा कामाला शेगडा लागतो. शेगडा म्हणजे लोखंडाचा जबडाच. वर दोन जाड ओठ, ते आवळायला आट्यांचा स्क्रू, स्क्रूला फिरवायचा दांडा, आणि खाली जमिनीत रोवायचा एक लांब पाय. कचरूचा शेगडा त्याचा धाकटा भाऊ तुळशीराम घेऊन गेला होता आणि गल्लीच्या पलीकडं त्यानं आपलं दुकान थाटलं होतं. चांगुणा पायाच्या अंगठ्यांत लोखंड दाबून कानस चालवायची. तुळशीराम समोरून बघायचा आणि आल्यागेल्याला सांगायचा, "वयनीच्या हातचं लोखंड टिकत नाई. पाहा, दिवाळीपरेंत भट्टी इझतेच."

चैत्रात कळलं की रोहिणखेडला एका मेलेल्या लोहाराचा शेगडा पडून आहे. दोघी बंडी जुंपून गेल्या.

जुन्या मशिदीच्या मागच्या आळीत जनकाबाईचं घर होतं. अंगणात निंबाखाली शेगडा रोवलेला, गंजून काळा-तांबडा झालेला, ओठ घट्ट मिटलेले. चांगुणानं दांड्याला झोंबून पाहिलं. तसूभर हलला नाही.

"बारा वर्सं झाले," जनकाबाई ओसरीवरून म्हणाली. "बुढा मेला त्या दिसापासून मिटला हाये. चार पैलवान हारले."

"बुढा म्हंजे?"

"माहा सासरा. उकंडराव. चिलम कधी सुटली नाई त्याची."

ती बोलताना पदराखालून हात बाहेर आला, आणि चांगुणानं पाहिलं. उजव्या हाताची चार बोटं चपटी, एकमेकांत चिकटलेली, नखं नसलेली. जनकाबाईनं हात लपवला नाही.

"मालक परगावी व्हते. मी एक खिळा घासाले बसली या शेगड्यावर. बुढ्यानं पाह्यलं. बाईचा हात लोखंडाले लागला म्हने..." ती थांबली. "दांडा त्यानं सावकाश फिरवला, पोरी. घाईनं नाई."

शालूबाईनं तोंडावर पदर धरला. चांगुणानं विचारलं, "काय घेनार याचं?"

"पैसे नको. इळा दे मले. पन डाव्या हाताचा. बाजारात सारे उजव्या हाताचे भेटते. डाव्या हातानं कापतो म्हनून बाया मले मांगं ठेवते."

"देतो. याच शेगड्यावर दाते पाडून देतो."

पाय खणून काढून शेगडा बंडीत चढवला, तेव्हा जनकाबाईनं आतून पोतं आणलं आणि शेगड्याच्या तोंडाला गुंडाळून बांधलं. "तोंड झाकून ने," एवढंच म्हणाली.

घरी आल्यावर चांगुणा कामाला लागली. विटेच्या भुकटीनं आणि वाळूनं गंज घासला. आट्यांत घासलेट मुरवलं, भोवती गोवऱ्यांची मंद आच लावली, पुन्हा घासलेट, पुन्हा आच. चौथ्या दिवशी दांड्याला पहार अडकवून दोघींनी जोर लावला. आतून एक आवाज आला. लोखंड सुटताना करकरतं, हा तसा नव्हता. झोपेतून उठवलेला माणूस कण्हतो तसा होता. ओठ उघडले. आत काळी वाळलेली रेघ होती आणि हिरव्या काचेचा चुरा.

"बांगडी," शालूबाई हळूच म्हणाली.

चांगुणानं चुरा बोटानं गोळा केला आणि कागदात बांधून कोनाड्यात ठेवला. मोटारीच्या जुन्या पाट्याची, ओठ उघडे ठेवणारी नवी कमान घडवली, ओठांचे झिजलेले दाते छिन्नीनं पुन्हा पाडले, आटे एरंडेलानं माखले, आणि बाभळीच्या ओंडक्याला जखडून पाय भट्टीशेजारी रोवला. शेगडा नव्यासारखा फिरू लागला. त्या संध्याकाळी तिनं ओठांत बाभळीची ढलपी ठेवून ते उघडे सोडले.

सकाळी ओठ मिटलेले होते. ढलपीची पानासारखी चपटी पापडी झाली होती.

"कुनं केलं हे?" शालूबाई दोन पावलं मागं सरली. "बाई... वापस देऊन दे हा शेगडा."

"काऊन? मी आनला. मी उघडला. मह्या दुकानात हाये."

दुसऱ्या दिवशीही तेच, तिसऱ्याही. दुकानात चिलमीचा वास येऊ लागला. दोघींपैकी कुणी ओढत नव्हतं. इंजिनाचा बोल्ट आवळावा आणि कानस लावावी, तर मधेच ओठ सैल पडायचे. एक बोल्ट वाकडा घासला गेला. गिऱ्हाईक तो घेऊन तुळशीरामकडं गेलं. तुळशीराम गल्लीत उभा राहून मोठ्यानं हसला.

त्या दिवशी चांगुणानं बाकीची सगळी कामं बाजूला सारली आणि विळ्याचं पातं घडवायला घेतलं. वैशाखाचा उन्हाळा होता. दोन प्रहरी गल्लीत कुत्रंही नव्हतं, पत्रे तापून टणटणत होते. शालूबाई जेवायला घरी गेली. तुळशीराम समोरच्या ओट्यावर पंचा तोंडावर घेऊन पडला होता. चांगुणानं पातं शेगड्यात आवळलं आणि तिकोनी कानशीनं दाते पाडायला सुरुवात केली. डाव्या हाताच्या विळ्याचे दाते उलट्या अंगानं पडतात. हाताला सवय नव्हती. ती जपून घासत होती.

सात-आठ दाते पडले आणि पातं कलंडलं. तिनं आवळलं. पुन्हा कलंडलं. ते सरळ करायला तिनं उजव्या हाताची बोटं ओठांत घातली...

दांडा फिरला.

कुणी धरला नव्हता. तो आपणहून खाली गेला, थोडा थांबला, पुन्हा खाली गेला. सावकाश. पात्याची पाठ आणि लोखंडाचा ओठ यांच्यामध्ये तिची चार बोटं सापडली. चिलमीचा वास इतका जवळ आला की तिच्या कानामागचे केस त्या श्वासानं हलले. दांडा आणखी वीतभर फिरला. नखांतून कळ निघाली ती थेट खांद्यात गेली.

ओरडावं असं तिला वाटलं. ओरडली असती तर तुळशीराम धावत आला असता, त्यानं बोटं सोडवली असती, आणि सगळ्या गावाला सांगितलं असतं. तिनं ओठ चावला. डाव्या हातानं दांडा धरून उलटा रेटला. पलीकडून कुणीतरी तेवढ्याच ताकदीनं रेटत होतं. तिला त्या हाताचा कंप दांड्यात कळत होता, म्हाताऱ्या हाताचा, पण घट्टेवाल्या.

मग तिनं दांडा सोडला. डाव्या हातानं खालचा हातोडा उचलला.

"उकंडराव," ती दातांवर दात ठेवून म्हणाली, "आयक. बोटं जातीन त जातीन. डावा हात राह्यते मले. पन आजच्या आज हा शेगडा मी भट्टीत घालतो. तोडतो. तुह्या एकाएका तुकड्याचा इळा करतो, आन पंचक्रोशीतल्या एकूनएक बाईले देतो. तुह्या लोखंडाले जलमभर बायाचेच हात लागतीन. समजलं?"

भाता बंद होता, तरी भट्टीतला निखारा एकदा फुलला आणि मावळला.

"फिरव उलटा," ती म्हणाली.

पत्रे टणटणत होते. घाम तिच्या भुवईवरून डोळ्यात उतरला, पण तिनं डोळा मिटला नाही. हातोडा उगारलेलाच होता.

दांडा अर्धा वेढा वर आला.

तिनं हात काढला. चारही नखं निळी झाली होती, पण हाडं शाबूत होती. तिनं बोटं एकदा मिटली, उघडली. आणि मग तिनं तोच हात पुन्हा ओठांत ठेवला, मनगटापर्यंत, आणि उभी राहिली. एक श्वास, दुसरा, तिसरा. दांडा हलला नाही. चिलमीचा वास हळूहळू विरत गेला.

शालूबाई परतली तेव्हा चांगुणा सुजलेल्या हातानं दाते पाडत होती. "हाताले काय झालं व?"

"कामात लागलं. भाता धर."

जेठ लागायच्या आत दोघी रोहिणखेडला गेल्या. जनकाबाईनं विळा डाव्या हातात तोलला, अंगणातलं वाळलं गवत मुठीत न धरताच सर्रकन कापून पाहिलं, आणि चांगुणाच्या काळ्या पडलेल्या नखांकडं बघितलं. आपल्या चपट्या बोटांनी तिनं ती नखं एकदा चाचपली आणि म्हणाली, "बस. भाकर खाऊन जा."

शेगडा नंतर कधी सैल पडला नाही. पुढच्या दोन वर्षांत आसपासच्या निम्म्या इंजिनांचे बोल्ट त्याच्यावर घासले गेले. तुळशीरामनं दुकान मलकापूरला हलवलं. शालूबाई कानस शिकली. बाई ऐरणीपुढं बसते यात काही नवीन होतं, हे गाव विसरलं.

चांगुणा मात्र सकाळी दुकान एकटीनं उघडायची. माघाची थंडी, ऐरणीला हात लावला तर कातडी चिकटेल असं गार लोखंड. शेगड्याचे ओठही तसेच गार. पण दांड्यावर मधोमध, एका मुठीएवढ्या जागी, लोखंड कोमट असायचं, जणू कुणी आत्ताच हात काढला आहे. ती क्षणभर थांबायची. मग नेमकी त्याच जागी आपली मूठ आवळायची आणि दांडा फिरवायची. मूठ तिची एकटीचीच असायची. तरी दांडा हलका फिरायचा, एका माणसाच्या ताकदीला फिरेल त्याहून हलका.