कोपऱ्यातली खुर्ची

"ऐका ना, तुमची यादी पळून जाते."

तिनं मान वर केली. उघडा लॅपटॉप हातावर तोलत एक तरुण दारात उभा होता. खुर्च्या बनवणाऱ्या या कंपनीची वेबसाइट ती एकहाती सांभाळायची, आणि आपल्या पानावरचं काही पळून जातं हे ऐकून घ्यायची तिला सवय नव्हती.

"कुठली यादी?"

"ही. माउस नेला की उघडते आणि स्क्रीनशॉट घ्यायला गेलो की गायब. वेबसाइट कशी वापरायची त्याची पुस्तिका लिहायला मला महिनाभर बोलावलंय… यादीच थांबत नाही, तर चित्र कशाचं घालू?"

"घाई करता, म्हणून पळते." तिनं त्याच्या स्क्रीनशॉटच्या टूलला थोडा उशीर लावून दिला. "आता बटण दाबा, यादी उघडा आणि गप्प वाट पाहा."

दोघं थांबली. ती स्क्रीनकडे बघत होती, तो कुठे बघत होता ते तिला न बघताही कळत होतं. टक् — यादी सापडली.

"वाट पाहणं जमतं मला," तो म्हणाला.

त्यानंतर त्याच्या अडचणी रोज नव्यानं उगवू लागल्या. कधी चौकट वाकडी, कधी अक्षरं धूसर. दिवसभर चित्रं कातरणाऱ्या माणसाला एवढं येत नसेल? येत होतं. तिलाही ते ठाऊक होतं, पण शिकवण्यात तिनं कसूर केली नाही. चार दिवसांत दोघं अरे-तुरेवर आली. घरी ताई विचारायची, "बोललीस का त्याच्याशी?"

"बोलेन गं. मला कसली भीती?"

भीती नव्हतीच. फक्त बोलता बोलता महिना सरला, आणि आता उद्या त्याचा शेवटचा दिवस होता.

त्या दुपारी नव्या खुर्चीचं पान चढवायचं होतं. खुर्चीचा फोटो तिच्याकडे एकच होता: तो खिडकीशी कप घेऊन हसतोय आणि कोपऱ्यात ती खुर्ची. तिनं कोडमध्ये चौकट अशी बसवली की पानावर खुर्ची तेवढी दिसावी. झाकली मूठ सव्वा लाखाची. कोडनं कातरलेला फोटो कापला जात नाही, नुसता झाकला जातो, हे नवशिक्यांना बजावणारी हीच. पण आज मन थाऱ्यावर नव्हतं, दुसरं काय.

पानाची लिंक तिनं स्वतःच ऑफिसच्या ग्रुपवर टाकली. लिंकखाली आपोआप मूळ फोटो उमटला… अख्खा.

हिशेब बघणाऱ्या काकांचा मेसेज सगळ्यांत आधी आला. "खुर्ची छान. पण कोपऱ्यात का ठेवली?" मग हसऱ्या चेहऱ्यांची रांगच लागली. पितळ असं उघडं पडलेलं बघून तिला आधी हसू आलं आणि मग कान तापले.

तो आला. या वेळी हातात लॅपटॉप नव्हता.

"मी… खुर्चीपुरता नीट कापून देऊ? चुकून गेला म्हणून सांगू. उद्या मी जातोच आहे, विसरतील सगळे."

हो म्हटलं असतं तर सगळं तिथंच मिटलं असतं, आणि तोही निघून गेला असता. तिनं सरळ त्याच्याकडे पाहिलं.

"फोटो चुकून गेला," ती म्हणाली. "काढला मात्र मुद्दाम होता. खुर्चीकडे माझं लक्षसुद्धा नव्हतं. तू आवडतोस मला. उद्या तुझं इथलं काम संपू दे, परवा मला तू भेटायला हवायस… त्यानंतरही."

तो शेजारची खुर्ची ओढून बसला.

"मी उद्या बोलणार होतो. निघताना."

"आणि धीर झाला नसता तर?"

"तर… राहून गेलं असतं," तो हळूच म्हणाला आणि माउसवरच्या तिच्या हातावर त्याचा हात आला. दारात काका मुद्दाम खाकरले. खाकरू देत, असं म्हणून तिनं हात तसाच राहू दिला.