पाद्रीच्या पलंगाखालची वाळू

त्या दिवशी सकाळी आगोयो पांढऱ्या मातीची टोपली डोक्यावर घेऊन निघाली ती पाद्रीच्या खोलीची भिंत लिंपायला. काम नेहमीचंच होतं. त्या गावात भिंती बायकाच उभारत आणि बायकाच लिंपत. पुरुष माग चालवत, मक्याची शेतं बघत. ही गोष्ट इतकी साधी होती की ती कोणाला समजावून सांगायची वेळ कधी आली नव्हती. ती वेळ आणली पाद्री आंब्रोसियोनं.

अकरा वर्षांपूर्वी समुद्रापलीकडच्या स्पेनच्या राजाचे शिपाई त्याला गावात सोडून गेले, तेव्हा पहिल्याच महिन्यात त्यानं पुरुषांच्या हातात माती दिली. त्याच्या देशात म्हणे गवंडीकाम पुरुषच करतात. पुरुषांनी कसेबसे चार थर रचले. तेवढ्यात नदीवरून पाणी घेऊन येणाऱ्या बायका तिथं थांबल्या आणि अशा काही हसल्या, की ते बिचारे गवंडी हातातली माती टाकून झाडीत पळाले. पाद्रीनं चाबकानं त्यांना परत आणलं. भिंत झाली, पण तिनं पहिल्याच हिवाळ्यात पोट काढलं, आणि तेव्हापासून दरवर्षी तिला सावरायला बायकांनाच यावं लागे. तरी याचा ताठा जागच्या जागी. आगोयो लिंपत असली की हा मागं उभा राहून नाकानं कांदे सोलत तिला लिंपण शिकवायचा.

आणि खोली बांधायला जागा तरी कुठली निवडावी! त्या जागी गावच्या पुरुषांची गोल खोली होती. जमिनीच्या पोटात खोदलेली, छताच्या मधोमध एक चौकोनी तोंड, त्यातून शिडीनं खाली उतरायचं. आत काय चाले ते आगोयो कधी कोणाशी बोलली नाही, तेव्हा आपणही विचारू नये. पाद्रीनं ठरवलं की ते सैतानाचं घर. एकोणीस दिवस सगळ्या गावाला राबवून त्यानं ती खोली नदीच्या वाळूनं गच्च भरून घेतली, तोंडावर फरशी बसवली आणि त्या फरशीवरच आपली झोपायची खोली उभी केली. ‘सैतान मी माझ्या पलंगाखाली गाडला आहे,’ असं तो पत्रांतून कळवायचा. सैतान गाडायचाच होता तर निदान उशाशी तरी गाडू नये, एवढी अक्कल त्या दीडशहाण्याला नव्हती.

आगोयोच्या मागून ओयेगी मावशी येत होती. सत्तरीची बाई, तोंडात दात दोन, पण जिभेला धार तशीच.

“चेहरा सरळ कर गं पोरी,” ती म्हणाली. “त्या मेल्याला तुझं रडणं दिसलं तर तो अजून फुगेल.”

आगोयोनं चेहरा सरळ केला. पण तिचं चित्त भिंतीत नव्हतं. तिचा धाकटा भाऊ त्सावा पाद्रीच्या कोठारात तीन दिवस कुलपात होता. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं होतं. त्याच्या मागाखाली पाद्रीला गावच्या जुन्या देवांचे मुखवटे सापडले, तेवढा गुन्हा पुरला. संध्याकाळी बैलगाड्या येणार होत्या आणि त्यांच्याबरोबर शिपाई. ते त्सावाला दक्षिणेकडच्या चांदीच्या खाणींत नेणार होते, दहा वर्षांसाठी. त्या खाणींतून दहा वर्षांनी कोणी परत आल्याचं गावात कोणाला आठवत नव्हतं.

पाद्री दारातच उभा होता. डोळे लाल, दाढी वाढलेली, कमरेला कोठाराची किल्ली.

“इनेस,” तो म्हणाला. बाप्तिस्मा देताना त्यानं गावातल्या सात बायकांना हेच नाव दिलं होतं, कारण वेगवेगळी नावं त्याच्या लक्षात राहत नसत. “भिंत नाही आज. आज वाळू.”

अकरा वर्षं गावचं अन्न खाऊन तो गावची भाषा अशी बोलायचा.

दोघी आत गेल्या. पलंगाभोवती वाळू पडली होती. मूठभर नव्हे, चांगला गुडघाभर ढीग. बारीक, करडी, नदीची वाळू. छत कोरडं होतं. भिंतींना चीर नव्हती.

“मी दुपारी झोपतो. मी उठतो. वाळू,” पाद्री म्हणाला. “आधी चिमूट. मग मूठ. आता एवढा. तुम्ही टाकतो. मला माहीत.”

“आम्हाला दुसरे उद्योग नाहीत ना!” ओयेगी म्हणाली. “घरातलं दळण टाकून तुझ्या अंथरुणात वाळू पसरायला येतो आम्ही. हौस केवढी!”

त्याला त्यातलं निम्मंच कळलं असावं. तो आगोयोकडे वळला. “संध्याकाळी मोठा पाद्री येतो. तो वाळू बघतो, तो हसतो. तू वाळू बंद कर. मी तुझा भाऊ सोडतो.”

म्हणजे याला भीती सैतानाची नव्हती, साहेबासमोर हसं होण्याची होती. आगोयोला त्याची इतकी किळस आली की क्षणभर भीतीसुद्धा मागे पडली.

“शपथ घे,” ती म्हणाली.

त्यानं गळ्यातल्या क्रूसाचं चुंबन घेतलं. त्याच्या शपथा किती टिकतात ते गावानं पाहिलं होतं. पण तिच्या हातात दुसरं होतं काय?

वाळू येते कुठून, ते आधी बघायला हवं होतं. म्हणून तिघंही खोलीतच थांबले. दोघी भिंतीला टेकून बसल्या, पाद्री पलंगावर पाय वर घेऊन.

दुपार चढली. बाहेर उन्हानं अंगण पांढरं पडलं होतं. कुत्री सावलीला गेली, जात्यांचे आवाज थांबले, नदीवरचा वारासुद्धा पडला. खोलीत मात्र गारवा होता. हळूहळू त्या गारव्यात एक वास मिसळू लागला… ओल्या मातीचा. आगोयोनं आपल्या टोपलीकडे पाहिलं. टोपलीतली माती कोरडी होती, तिनं अजून पाणी घातलंच नव्हतं.

मग आवाज आला.

अगदी हलका. सर्र… थोडं थांबून, पुन्हा सर्र… फरशीच्या खालून येत होता तो. पाद्रीनं मान वर केली. त्याला तो कसला आवाज ते कळणं शक्य नव्हतं. पण दोघी बायकांनी एकमेकींकडे पाहिलं, आणि ओयेगीच्या तोंडावरचं हसू पुसलं गेलं. जन्मभर तोच आवाज ऐकत त्या जगल्या होत्या. ओल्या गिलाव्यावरून तळहात फिरतो, तेव्हा असा आवाज होतो.

खाली कोणीतरी भिंत लिंपत होतं.

“मावशी…”

“ऐकतेय मी. बोलू नकोस.”

“वाळूनं भरलेल्या खोलीत हात फिरायला जागा कुठली, मावशी?”

ओयेगीनं फरशीकडे बोट दाखवलं. फरशीच्या कडेनं वाळूचा एक बारीक धागा वर आला, जमिनीवर पसरला आणि ढिगाला मिळाला. पाण्याचा झरा फुटावा तसा, पण मुकाट.

पाद्री ओरडला, “काढा! दगड काढा!”

पलंग आणि ढीग बाजूला सारून तिघांनी पहारीनं फरशी उचकटली. खालून गार हवा वर आली. देवदाराच्या ताज्या धुराचा वास आणि ओली माती. आगोयोनं वाकून पाहिलं.

खोली रिकामी होती. एकोणीस दिवस गावाच्या खांद्यांवरून वाहून आणलेली वाळू, शेकडो टोपल्या… त्यातला कणही खाली नव्हता. वरून उजेडाचा एक चौकोन तळाशी पडला होता, आणि तेवढी जमीन पांढरी, गुळगुळीत, ओली दिसत होती. शिडी जागेवर उभी होती. जुनी नव्हे. तिच्या पायऱ्यांची साल नुकतीच काढलेली दिसत होती.

दुसरा कोणी असता तर मागं सरला असता. पाद्रीला राग आला.

“चोर! तुम्ही माझी वाळू चोरली!”

“सगळा नदीकाठ वाळूचा,” ओयेगी पुटपुटली, “आणि हा म्हणतो माझी वाळू.”

तो झगा सावरून शिडीवर पाय टाकू लागला, तेव्हा मात्र आगोयोनं त्याचा हात धरला. तो तिला कितीही नकोसा असला, तरी हे सांगणं भाग होतं. “उतरू नकोस. बोलावल्याशिवाय तिथं कोणी उतरत नाही.”

“मला कोणी बोलावत नाही,” पाद्री छाती काढून म्हणाला. “मी जातो.”

त्याच्या साऱ्या अकरा वर्षांत तो एवढं खरं कधी बोलला नव्हता.

“मग किल्ली देऊन जा.”

“आधी वाळू.” त्यानं कमरेवर थाप मारली आणि हसला.

शिडीकडे पाठ करून, दिवाणखान्याचा जिना उतरावा तसा तो धडपडत उतरला. तळाला पोचला, उजेडाच्या चौकोनात उभा राहिला, क्रूस पुढे धरून लॅटिनमध्ये मोठमोठ्यानं काहीतरी म्हणू लागला. मग चौकोनातून बाहेर, अंधाराकडे गेला. हात फिरायचा आवाज थांबला. काही वेळ फक्त त्याचा आवाज येत होता, गोल खोलीत घुमत. एका शब्दाच्या मध्यावर तो आवाजही थांबला. किंकाळी नाही, पडल्याचा धप्पदेखील नाही.

आगोयो वाट पाहत राहिली. किल्ली खाली होती. किल्लीवर तिच्या भावाची सुटका होती. संध्याकाळच्या गाड्या आता फार लांब नव्हत्या.

“पाद्री?…”

खाली पुन्हा सुरू झालं. सर्र… सर्र… सावकाश, मन लावून.

“पाद्री, ऐकू येतंय का? मी… मी उतरू का?”

आवाज थांबला. अगदी शिडीच्या तळाशी, पण चौकोनाच्या बाहेर, कोणीतरी येऊन उभं राहिलं. आणि शांतपणे, गावच्या स्वच्छ बोलीत म्हणालं:

“नको. ताई, शिडी वर घे.”

तिनं विचार केला नाही. दोघींनी मिळून शिडी ओढली. ती सरकत गेली, आणि शेवटच्या पायरीला बांधलेली किल्ली वर आली. पांढऱ्या सुती दोऱ्यानं, नीट गाठ मारून बांधलेली.

गाठ सुटेना. आगोयोनं दोरा दातानं तोडला, किल्ली मुठीत धरली आणि ती अंगणातून धावत सुटली. अर्ध्या वाटेवर तिला ते उमगलं. तिला ताई म्हणणारा माणूस जगात एकच होता. आवाजही त्याचाच होता, वयानं थोडा जड झालेला. तो खाली असेल, तर कोठारात कोण आहे? की कोठारात कोणीच नाही?… तिनं कुलपात किल्ली घालून फिरवली.

दार उघडलं. मक्याच्या कणसांच्या ढिगाला टेकून त्सावा झोपला होता. उजेड तोंडावर पडला तसे त्यानं डोळे चोळले.

“भाकरी आणलीस का गं?”

तिनं आधी त्याच्या पाठीत दोन धपाटे घातले आणि मग त्याला मिठी मारून ती ढसाढसा रडली. तो उबदार होता. त्याच्या केसांना मक्याचा वास होता. तिला जगात आणखी काही नको होतं.

परत आल्यावर पाहिलं तर ओयेगीनं एकटीनं फरशी तोंडावर लोटली होती आणि ती त्यावर बसून धापा टाकत होती. “बघतेस काय? माती भिजव,” ती म्हणाली. संध्याकाळपर्यंत दोघींनी वाळू आणि शिडी बाहेर नेली, फटी लिंपून जमीन सपाट केली आणि पलंग जागेवर सरकवला.

गाड्या आल्या. मोठा पाद्री आला, तो तर पहिल्यापेक्षाही फुगलेला. शोधाशोध झाली. दुसऱ्या दिवशी शिपायांनी ती फरशीही उचकटली. खाली वाळू होती. काठोकाठ, दगडासारखी घट्ट बसलेली, आणि तिच्यातून नदीकडच्या झाडाचं एक मनगटाएवढं मूळ आरपार गेलेलं. ते मूळ वाढायला दहा वर्षं तरी लागली असतील. शिपायांनी दोन हात खणलं आणि कंटाळून सोडून दिलं. मोठ्या पाद्रीनं लिहून टाकलं की आंब्रोसियो धर्मप्रसारासाठी रानात गेला आणि रानटी लोकांच्या हातून हुतात्मा झाला. आयुष्यभर ज्यानं कोणासाठी काडी उचलली नाही, तो असा एका वाक्यात संत व्हायला निघाला. त्सावाच्या गुन्ह्याचा कागद पाद्रीच्या झग्यातच होता. कागद गेला, म्हणून शिपायांच्या लेखी गुन्हाही गेला.

गाड्या वळणापलीकडे दिसेनाशा झाल्या त्या दुपारी त्सावा पुन्हा मागावर बसला. आगोयो शेजारी मका सोलत होती. कमरेला खोचलेला दोऱ्याचा तुकडा तिनं काढून त्याच्यापुढे धरला. त्या गावात प्रत्येक विणकर आपल्या चादरीच्या कोपऱ्याला स्वतःची गाठ मारतो; गाठ पाहून चादर कोणाची ते कळतं. तिला फक्त विचारायचं होतं, मरून गेलेल्या विणकरांपैकी कोणाची असेल?

त्सावानं दोरा उलटसुलट करून पाहिला. हसला.

“मला काय विचारतेस? माझीच आहे.”

“तू कुलपात होतास.”

“होतो ना. पण गाठ माझीच. हा डावा पेच माझ्याशिवाय कोणी टाकत नाही.” त्यानं नेहमीच्या सवयीनं टोक ओढलं. गाठ सुटली नाही. त्यानं ती डोळ्यांजवळ नेली, नखानं चाचपली, आणि उजेडाकडे धरून पुन्हा पाहिली.

“काय झालं रे?”

“ताई… हा शेवटचा फेर बघ,” तो हळूच म्हणाला. “किती सुंदर घातलाय. हा मला अजून येत नाही.”