ताईची थेट बस

वाहतूक खात्याच्या नकाशा विभागात आम्ही तिघे आरेखक होतो. दुपारचे डबे आटोपले की साहेबांचा डोळा चुकवून खेळ मांडायचो. शहराच्या नकाशावर ट्रेसिंग पेपर पसरायचा आणि पेन्सिलीनं मनासारखं शहर काढायचं. कुणी नदी वळवायचं, कुणी हद्द आवळून अख्खं उपनगर बाहेर फेकायचं. नियम एकच, ऑफिस सुटायच्या आधी सगळं खोडायचं. छापखान्यात गेलं असतं तर नोकरीवर गदा! काय दिवस होते ते. हसून हसून पोट दुखायचं.

माझी ताई शहराच्या पार दुसऱ्या टोकाला दिलेली. आईला भेटायचं तर दोन बस, अडीच तास.

"एवढे नकाशे काढतोस, मला एक थेट बस काढून दे की," ती एकदा वैतागून म्हणाली.

दुसऱ्या दिवशी गंमत म्हणून काढली. मधली वस्ती हद्दीबाहेर ढकलली, चार स्टॉप टाकले, त्यांना मनची नावं दिली. तासाभरात आईच्या घरून ताईचा फोन.

"अरे, वीस मिनिटांत पोचले! नवी बस सुरू झालीय, आणि तुलाच पत्ता नाही?"

तिनं चारही स्टॉप सांगितले. माझेच.

चौकशी खिडकीवर विचारलं. अशी बस नव्हती. मी तो कागद खोडला नाही, खणात ठेवला. त्या वर्षी ताई आठवड्यातून दोनदा यायची. आई खूश, मीही खूश. डोकं चालवायचं कशाला?

मग एका संध्याकाळी साहेब अचानक खण तपासायला आले. माझी पाचावर धारण बसली. घाईघाईनं ताईच्या बसच्या रेघेवर खोडरबर फिरवला. साहेब गेले, तेव्हा आठवलं. या वेळी ताई परतीच्या बसमध्ये असते.

ती घरी पोचली नाही. भावोजींनी पोलीस, दवाखाने पालथे घातले. मी तीच रेघ शंभरदा काढली. काही झालं नाही.

महिन्याभरानं त्या कागदावर, हद्दीबाहेर, एक बारीक टिंब दिसलं. मी काढलेलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते मोहरीएवढं सरकलं होतं.

बावीस वर्षं झाली. ती चालतेय. मी कागदाला कागद जोडत आलो, भिंत भरली. तिची फार आठवण येते हो.

परवा तिच्या वाटेत एक स्टॉप काढला, त्यात बाक काढलं. घटकाभर टेकेल तरी बिचारी.

काल टिंब बाकावर थांबलं.

आज सकाळी तिथं दोन टिंबं होती.

दुपारी त्यातलं एक आमच्या गल्लीकडे निघालं. दुसरं बाकावरच आहे.

ताईचं कोणतं, मला ओळखू येत नाही.