लक्ष्मम्मानं परतवलेली ओटी

"ती ओटी माझ्या सुनेच्या पदरात पडायची न्हाई!" भरल्या घरात लक्ष्मम्माचा आवाज चढला, आणि डाळमिलच्या मालकिणीच्या हातातलं नारळ-खणाचं ताट जागच्या जागी थबकलं...

पाटावर बसलेल्या गरोदर मंजुश्रीचं तोंड एवढंसं झालं. पोटचा पोरगा अमरेशसुद्धा आईकडं वैऱ्यासारखा बघू लागला. पण ती माउली का नको म्हणाली, ते कुणाला कळणार! उदगीरच्या त्या मिलची रीतच तशी होती. डाळ निवडणारी बाई पोटुशी राहिली की मालकीण थाटात येऊन ओटी भरायची, आणि ओटी घेतलेली बाई राजीखुशीनं काम सोडून गेली, असं धरलं जायचं. नव्या पोरींना ते काम गेल्यावरच कळायचं. मान द्यायचा अन् वाटेला लावायचं! सुनेचं मिलमधलं काम टिकावं, एवढंच लक्ष्मम्माच्या मनात होतं. मग सुनेनं तोंड फिरवलं तरी बेहत्तर.

तिनं ते फिरवलंही. मालकिणीचा मान मोडला म्हणून दुसऱ्या दिवशी मुनीमानं मंजुश्रीला मिलच्या दारातूनच परतवून लावलं, तेव्हा रडत घरी येऊन ती सासूला म्हणाली, "तुमच्यापायी गेलं माझं काम."

लक्ष्मम्मा उठली. कामगार कार्यालयातल्या बाईसाहेबांना गाठून, त्यांना घेऊनच ती मिलवर गेली. मागोमाग धास्तावलेली मंजुश्रीही आली. बाईसाहेबांनी मिलमालक विरूपाक्षशेठला बजावलं, की गरोदर बाईला काढता येत नाही आणि भरपगारी रजा द्यावीच लागते. शेठ हसले. आमच्याकडं बायका आपल्या मर्जीनं जातात, म्हणाले.

"मर्जीनं?" लक्ष्मम्मा शेठच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली. "अमरेशच्या वक्ताला मी बी हरखून ओटी घितली, शेठ. बाळ घिऊन परत आले, तर तुमच्या वडिलांनी दार लावलं. जन्मभर लोकांची भांडी घासली म्या. माझ्या सुनेनं ते करायचं न्हाई!"

आत डाळ निवडणाऱ्या नीलाबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं. मग शेजारणीनं. बघता बघता सगळ्या सुपांचा आवाज थांबला, आणि ऐन हंगामात मिल गप्प झाली... शेठचा ताठा कुठल्या कुठं गेला. रजा, पगार, परत कामावर घेणं, सगळं बाईसाहेबांसमोर कबूल झालं. बायकांनी लक्ष्मम्माला अक्षरशः उचलूनच घेतलं. मंजुश्री मात्र दाराला धरून हमसून हमसून रडत होती.

पुढं पहिल्या बाळंतपणाला न्यायला तिचा भाऊ आला. रीतच ती. पिशवी भरलेली, रिक्षा दारात. आणि मंजुश्री उंबऱ्यातच बसली.

"दादा, आईला सांग, राग मानू नको. मी हितंच बाळंत होणार हाय. आत्यापाशी," सासूकडं बघत ती म्हणाली.

लक्ष्मम्मा रागानंच म्हणाली, की असं कुठं असतं का. मग पदर तोंडात कोंबून ती स्वयंपाकघरात पळाली, आणि बराच वेळ बाहेर आली नाही.