भांडकुदळ रक्त

तिनं दार ढकललं आणि दारापलीकडे शिडी होती.

शिडी हलली, शिडीवरचा माणूस हलला, त्याच्या हातातला डबा हलला, आणि निळ्या रंगाचा एक ओघळ तिच्या पांढऱ्या कोटाच्या खांद्यावर येऊन बसला. तिच्या हातात रक्ताच्या नळ्यांचा ट्रे होता. तिनं आधी नळ्या पाहिल्या, मग कोट, मग कुठे वर पाहिलं.

वर एक शिडशिडीत तरुण दातांत ब्रश धरून शिडीला कवटाळून बसला होता. त्याच्या डोक्यावर नवी पाटी, आणि पाटीवर ठसठशीत अक्षरं – ‘रक्त जुळ’.

“एवढंच?” तिनं विचारलं. “लोक जुळ्यांचा वॉर्ड समजून आत येतील.”

त्यानं दातांतला ब्रश काढला. “पुढे ‘वणी’ येणार होतं हो... तेवढ्यात तुम्ही आलात.”

ओळख झाली ती अशी. हॉस्पिटलच्या साऱ्या पाट्या नव्यानं रंगवायचं काम त्याला मिळालं होतं, आणि पाटीखालच्या खोलीत ती रक्त जुळवायची. रुग्णाच्या रक्तातला पिवळसर द्रव घ्यायचा, त्यात दात्याच्या रक्ताचे थेंब सोडायचे, ऊब द्यायची, यंत्रात फिरवायचं. नळीच्या तळाशी लाल टिकली बसते. मग नळी उजेडात धरून हलक्या हातानं तिरकी करायची. टिकली धुरासारखी विरत गेली, तर जुळलं. दाणेदाणे होऊन सुटली, तर नाही.

त्या खोलीत एक संशोधनही चाललं होतं. लहानपणापासून दुसऱ्यांच्या रक्तावर जगणारी माणसं असतात. ज्या रक्तानं जीव तगतो, त्याच रक्ताशी त्यांचं शरीर पुढेपुढे भांडण उकरून काढतं. ते का आणि कुणाकुणाचं, हे शोधायचं होतं. नळ्यांवर नावं नसायची, नुसते नंबर. नळी कुणाची हे ती वाचणाऱ्याला कळता कामा नये, असा कडक नियम होता. कारण कसोटी सगळी डोळ्यांची, आणि डोळे फार लवकर मनाचं ऐकतात.

पाऊस त्या दिवसांत नुसता रेंगाळत होता. धड पडत नव्हता, धड जात नव्हता. रंगाऱ्यानं त्याचाच आडोसा घेतला. हवा ओली आहे, रंग वाळत नाही, वाळल्याशिवाय दुसरा हात देता येत नाही, असं सांगत तो त्या एका पाटीसाठी रोज येऊ लागला. ती बाहेर आली की शिडीवरून विचारायचा, काय जुळवणीबाई, आज कुणाचं जुळलं? ती मान वर न करता म्हणायची, रंगाऱ्या, तुझं ‘वणी’ आधी जुळव. म्हणजे मनात तसं म्हणायची. तोंडानं अजून ‘तुम्ही’च चाललं होतं.

एकदा त्यानं विचारलं, आत दिवसभर एवढं काय वाचत असता? नाव-गाव नसलेल्या नळीचं सांगायला काय हरकत, म्हणून तिनं सांगितलं. एक नळी आहे, तिचं नाव मी भांडकुदळ ठेवलंय. कुणाचंही रक्त आणा, गट तोच असला तरी ही फणकारतेच. कितीतरी दिवस तिच्यापाशी डोकं धरून बसलेय.

तो हसला. जरा जास्तच हसला. “मग कंटाळा नाही येत त्या भांडकुदळाचा?”

“नाही हो.” ती थोडी घुटमळली. “तो भांडकुदळ नाहीच मुळी... धास्तावलेला आहे. लहानपणापासून किती परक्यांना घरात घेतलंय त्यानं. आले, राहिले, गेले. कधीतरी माणूस दार लावून घेणारच ना?”

रंगाऱ्याचा ब्रश ‘णी’च्या वेलांटीवर तसाच थांबला. एक थेंब ओघळला, तो त्यानं बोटानं टिपला. उतरताना एवढंच पुटपुटला, की वेलांटी बिघडली, उद्या परत यावं लागणार.

आणि तो आला. पण त्या दिवशी शिडीच्या दोन पायऱ्या चढून थांबला, पुन्हा दोन चढून थांबला. वर पोचल्यावर पाटीला कपाळ टेकून उभा राहिला. दारातून ती बघत होती. रोज रक्त बघणारे डोळे. त्यांना वेगळं सांगावं लागत नाही.

“खाली उतरा,” ती म्हणाली. “हात पुढे करा.”

“हात मागताय?”

“नखं बघायचीत.”

नखं पांढरीफटक होती. तिनं विचारलं, रक्त शेवटचं कधी तपासलं? आज सकाळीच, म्हणत त्यानं बाही सरकवली. मनगटावर कागदी पट्टी, पट्टीवर एक नंबर. तिला तो नंबर पाठ होता.

“तुमचा तो धास्तावलेला...” तो म्हणाला, “मीच.”

तिला रागच आला. आधी का नाही सांगितलंत, एवढंच तिनं विचारलं.

“सांगितलं असतं तर तुम्हीही आवाज खाली करून बोलला असतात. लहानपणापासून सगळे तसंच बोलतात माझ्याशी. तुम्ही मला भांडकुदळ म्हणालात... किती बरं वाटलं, काय सांगू.”

डॉक्टरांनी त्याला सकाळीच दाखल व्हायला सांगितलं होतं. रक्त फार उतरलं होतं, आता हृदयावर ताण यायला लागला होता. चार-दोन दिवसांत जुळणारं रक्त मिळालं नाही तर कठीण होतं. आणि हा पठ्ठ्या वेलांटी पुरी करून जाणार होता. तिनं चाकांची खुर्ची मागवली, त्याला बसवलं आणि खुर्ची वळेपर्यंत त्याला बोल बोल बोलली. आवाज अजिबात खाली न करता.

दुपारी त्याच्या रक्ताशी जुळवून बघायला दात्यांच्या नव्या नळ्या आल्या. पहिली दाणेदार. दुसरी दाणेदार. तिसरी तिनं उजेडात धरून तिरकी केली आणि टिकली... विरली. अगदी धुरासारखी. तिच्या पोटातून आनंदाची लहर उठली, आणि त्या लहरीनंच ती दचकली. नळी वाचताना तिला कधी आनंद झाला नव्हता. कधी दुःखही नाही. तिनं नळी पुन्हा पाहिली, भिंगाखाली पाहिली. कडेला काहीतरी होतं. की नव्हतं? जे दिसावंसं वाटत होतं तेच दिसत होतं.

तिनं नळी स्टँडमध्ये ठेवली, हात धुतले आणि मोठ्या बाईंच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिली. मोठ्या बाई म्हणजे त्या खोलीच्या प्रमुख. त्यांच्यापुढे नळीसुद्धा सरळ उभी राहते, असं सगळे म्हणत.

“मला ही नळी वाचता येणार नाही, बाई.”

“डोळे आलेत?”

“नाही. मी त्या पेशंटला ओळखते.”

“ओळखतेस म्हणजे? नात्यातला आहे?”

तिनं कोटाच्या खांद्यावरचा निळा डाग चाचपला.

“अजून... नाही.”

मोठ्या बाईंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “असं नातं मी इतक्या वर्षांत ऐकलं नव्हतं. त्याला माहीत आहे?”

तिनं मान हलवली. नाही.

“छान. म्हणजे पेशंटच्या आधी मलाच कळलं.” बाई उठल्या, खिडकीशी गेल्या, नळी धरली आणि बराच वेळ धरूनच राहिल्या. मग म्हणाल्या, “दाणे आहेत. अगदी बारीक, पण आहेत.”

ते रक्त आज संध्याकाळी त्याच्या अंगात गेलं असतं. तिच्या सहीनं.

“रडायचं काम नाही,” बाई म्हणाल्या. आवाज खरखरीतच होता, पण हात तिच्या पाठीवर होता. “तू वाचलं नाहीस म्हणून तो वाचला. आता जा, बाहेर बस. हे काम माझं.”

बाहेरच्या बाकावर रुग्णांचे नातेवाईक बसत. ती तिथे आयुष्यात कधी बसली नव्हती. बाक किती कडक आहे, समोरच्या घड्याळाचा काटा किती निगरगट्ट आहे, हे तिला तेव्हा कळलं. आत मोठ्या बाई एकामागून एक नळ्या वाचत होत्या, दूरदूरच्या रक्तपेढ्यांना फोन लावत होत्या. दुसऱ्या दिवशीही तेच. शेजारी त्याची थोरली बहीण येऊन बसली. तिनं हिच्याकडे, मग हिच्या कोटाच्या खांद्यावरच्या निळ्या डागाकडे पाहिलं.

“ती तूच का गं?”

“कोण, ताई?”

“जिच्या दारावरचा रंग वाळत नाही ती.” ताईच्या डोळ्यांत पाणी होतं आणि तरी ती हसत होती. “अगं, पावसाळ्यातसुद्धा तासाभरात वाळतो त्याचा रंग. त्याच्यावर तर पोट आहे त्याचं.”

ती लाजली, इतकी की निळा डाग सोडून सगळी लाल झाली. मग दोघी एकमेकींचा हात धरून बसल्या. संध्याकाळी दार उघडलं. मोठ्या बाई दारात उभ्या होत्या, थकलेल्या, चष्मा कपाळावर चढवलेला. लांबच्या एका गावाहून आलेल्या पिशवीचं जुळलं होतं. त्यांनी तीनदा वाचलं होतं.

रक्त चढायला लागलं तेव्हा नर्सनं सांगितलं, सुरुवातीला कुणीतरी जवळ बसा. थंडी वाजली, अंगावर काटा आला, तर लगेच हाक मारा. ताई पटकन उठली आणि आपल्याला पाणी प्यायचंय म्हणत निघून गेली. खुर्ची एकच होती. ती बसली. त्याच्या मनगटावर तिनं बोटं ठेवली. नळीतून एक एक थेंब उतरत होता, आणि ती थेंबाकडे न बघता त्याच्या चेहऱ्याकडे बघत होती. आता बघायला बंदी नव्हती.

“तुमच्या बाई येऊन गेल्या मघाशी,” तो डोळे मिटूनच म्हणाला. “विचारलं, ही मुलगी तुमच्या नात्यातली का. मी म्हटलं, तिलाच विचारा. तर म्हणाल्या, तिला विचारूनच आलेय, ‘अजून नाही’ म्हणाली.”

ती एकदम थेंबांकडे बघायला लागली.

“मग मी म्हटलं... तिचं जे उत्तर तेच माझं. फक्त ‘अजून’ फार लांबवू नका म्हणावं.”

“बोलू नका. दम लागेल.”

“एक सांगू? काटा आलाय.”

ती ताडकन वाकली. खरंच, त्याच्या दंडावर बारीक काटा उभा होता. तिचा हात रक्त थांबवायच्या कळीकडे गेला.

“रक्ताला कशाला दोष देताय?” तो हळूच म्हणाला. “तुम्ही बोटं ठेवलीत तेव्हाच आलाय तो.”

तिनं बोटं काढली नाहीत. पण स्वतःच्या डोळ्यांवर या माणसाच्या बाबतीत तिचा काडीचा भरवसा नव्हता. तिनं दुसऱ्या हातानं घंटी वाजवली. नर्स धावत आली, ताप पाहिला, रक्तदाब पाहिला, दंड पाहिला, छातीला स्टेथोस्कोप लावून ऐकलं, आणि मग दोघांकडे आळीपाळीनं पाहिलं.

“ताप नाही. श्वास ठीक आहे. नाडी तेवढी पळतेय,” नर्स म्हणाली. “त्यांची थोडी. तुमची जास्त.”

आणि थेंबांचा वेग वाढवून ती निघून गेली.

“ऐकलंत?” तो म्हणाला.

“गप्प पडून राहा,” ती म्हणाली. आणि मग, मान दुसरीकडे वळवून, अगदी हळू – “...राहा रे.”