रिकाम्या गाडीचं वजन

पिकअपच्या मागच्या दोन चाकांच्या मधोमध भोपळ्याएवढं एक लोखंडी पोट असतं. इंजिनाची ताकद तिथे येते, दातेरी चक्रांतून वळते आणि दोन्ही चाकांना वाटून दिली जाते. पुस्तकात त्याला डिफरन्शियल म्हणतात. एसटीच्या वर्कशॉपात आम्ही सगळे डिफ्रन्स म्हणायचो. ते बिघडलं की रडतं. तेल संपलं तर एका सुरात, बेअरिंग गेलं तर घरघरत, दात तुटला तर हुंदके देत. अख्खी नोकरी मी अशी रडणारी पोटं ऐकण्यात घालवली. त्यामुळे चिरागने ओट्यासमोर गाडी थांबवून "तात्या, मागून आवाज येतोय" म्हटलं, तेव्हा मी हातातला चहासुद्धा खाली ठेवला नाही.

"कसा येतो?"

"हूंऽऽ असा. कोणीतरी तोंड मिटून गातंय तसा."

"लोड असताना, की रिकामी असताना?"

"तोच तर लोचा आहे. कल्याणला माल घेऊन जाताना एकदम चूप. रिकामी परत आणताना चालू होतो."

इथे एक सांगून ठेवतो. आमच्या कोपरीत लोक मला थापाड्या म्हणून ओळखतात आणि त्यात त्यांची काही चूक नाही. कसाऱ्याच्या घाटात ब्रेक गेलेली बस मी नुसती शिट्टी वाजवून थांबवली, ही गोष्ट मी इतक्यांदा सांगितली आहे की आता मलाच ती शिट्टी ऐकू येते. माझी बायको मंदाकिनी होती तोवर ठीक होतं. मी ओट्यावर थाप सोडली की ती आत स्वयंपाकघरात भांडं आपटायची. एकदाच, ठण्णकन. ऐकणारे हसायचे, मीही हसायचो आणि गोष्ट पुढे जायची. आता भांडं आपटणारं कोणी राहिलं नाही. तेव्हा खरं काय नि खोटं काय, ते तुमचं तुम्ही बघा.

चिराग हा नामा कोळ्याचा मुलगा. नामा माझा मित्र. खाडीतली मासळी आटली तशी त्याने पिकअप घेतली. भाऊच्या धक्क्यावरून माल उचलायचा आणि कल्याणच्या बाजारात पोचवायचा. पण होडी काही विकली नाही. "गाडी पोटाला, होडी मला," म्हणायचा. गेल्या नारळी पौर्णिमेनंतर होड्या पाण्यात उतरल्या, त्याच आठवड्यात एका सकाळी तो एकटाच गेला. होडी कळव्याच्या पुलाखाली तिवरांत अडकलेली मिळाली. वल्हं होडीतच होतं. नामा मिळाला नाही.

त्याची बायको मनुबाई विधी करू देईना. भावकीतली माणसं आली, भटजी आले, समजावून गेले. प्रत्येकाला तिचं एकच उत्तर. "माणूस दाखवा. नायतर बोलू नका." रोज दुपारी ती नामाचं पान वाढायची. तांदळाची भाकरी, मासळीचं कालवण, उंबऱ्याच्या आत पाट मांडलेला, दार सताड उघडं. संध्याकाळी तेच पान स्वतः खायची. दुसरं काही खायची नाही.

"आई अर्धी झाली, तात्या," चिराग म्हणाला. "दार लावायला गेलो तर अंगावर येते. वरून तिचं ध्यानही नसतं. कालवणात मीठच नव्हतं. मी तिच्या ताटातला एक घास खाल्ला, नुसतं पाणी!"

"तू मीठ मागून घे," मी म्हणालो. "आणि गाडी उद्या माझ्याकडे लाव."

मागची चाकं जॅकवर उचलली. लांब सळईचं एक टोक डिफ्रन्सच्या पोटाला टेकवलं, दुसरं कानाला, आणि चिरागला गिअर टाकायला सांगितलं. आवाज स्वच्छ होता, शिलाई मशीनसारखा. तेल काढलं तर ते मात्र मधासारखं यायच्या जागी राखाडी, दुधट निघालं.

"पाण्यात घातलीस गाडी?"

"थंडीच्या दिवसांत कुठलं पाणी, तात्या?"

डिफ्रन्सला हवा खेळायला वर एक बारीक भोक असतं, गाडी पाण्यात बुडाली की तिथून पाणी शिरतं. हे मला ठाऊक होतं, म्हणून तेच कारण धरून बसलो. सवयीने बोटावर थेंब घेऊन जिभेला लावला. मेकॅनिक लोक तेल असं चाखतात, त्यात काही विशेष नाही. तेल खारट होतं. तळाशी काळा, बारीक गाळ बसला होता. ओहोटीला खाडीकाठच्या मीठबंदराच्या बाजूने वारा आला की जो वास येतो, तो वास.

बेअरिंगं बदलली, नवीन तेल भरलं. आवाज गेला नाही. शीळफाट्याजवळच्या भंगारातून दुसऱ्या गाडीचा अख्खा डिफ्रन्स आणून बसवला. लोखंड वेगळं, चक्रं वेगळी, सूर तोच.

मग मी स्वतः सोबत गेलो. कल्याणला माल उतरवून आम्ही परत निघालो. शीळफाटा गेला, मुंब्रा गेलं, गाडी गप्प. कळव्याच्या पुलावर चढलो आणि मधोमध आल्यावर तो आवाज सुरू झाला. वाढत नाही, कमी होत नाही. खालचा, जड, मिटल्या तोंडाचा. गाडीची ओढही बदलली. चिरागने गिअर उतरवला.

"बघितलंत? रिकामी गाडी आहे आणि चढ तरी किती! अशी चालते जशी मागे कोणी बसलंय."

तो हे सहज बोलून गेला. मी आरशातून मागे पाहिलं. हौद्यात ओली ताडपत्री होती आणि मासळीचे रिकामे क्रेट.

लोखंडाला खोटं बोलता येत नाही यावर माझा विश्वास. दुसऱ्या दिवशी येताना शीळफाट्याला गाडी काट्यावर चढवली, वजन करून घेतलं. पूल ओलांडून कोपरीत आलो आणि तिथल्या भंगारवाल्याच्या काट्यावर पुन्हा चढवली. एक धडधाकट माणूस बसावा एवढं वजन जास्त भरलं.

"काटा चोर आहे," चिराग म्हणाला.

"अरे, भंगारवाल्याचा काटा चोर असला तर कमी दाखवेल. जास्त कशाला दाखवेल?"

त्यावर तो हसला नाही. मलाही हसू आलं नाही. दोघांच्याही डोक्यात एकच थोराड माणूस होता, आणि दोघांनीही त्याचं नाव घेतलं नाही.

तिथून मी हौद्यात चढलो. ताडपत्री बाजूला केली, डिफ्रन्सच्या बरोबर वर पालथा पडलो आणि सळई पत्र्याला लावून कान टेकवला. गाडी निघाली. आधी नुसती घरघर. मग तिच्यातून एक लय वेगळी झाली. आत, बाहेर. आत, बाहेर. लांबून चालत आलेला माणूस दाराशी टेकतो आणि घोटभर पाणी मागायलाही त्याला बोलवत नाही, तसा श्वास.

मनुबाईच्या दाराशी गाडी थांबली. चिरागने इंजिन बंद केलं.

हौदा माझ्या अंगाखाली बोटभर वर उचलला गेला.

मागच्या स्प्रिंगच्या पाट्या कुरकुरल्या, जशा कोणी उतरलं की कुरकुरतात. समोर दार उघडं होतं. पाट मांडलेला, पान वाढलेलं, भाकरीची वाफ अजून निघत होती.

"या तात्या, जेवून जा," मनुबाई आतून म्हणाली. "कालवण ताजा हाय."

तिने मला पातेल्यातून वाढलं. मीठ-मसाला अगदी नेमका होता. जेवण झालं, तरी मी काहीबाही बोलत तिथेच बसून राहिलो. उन्हं कलली तेव्हा तिने नामाचं पान उचललं. मी मध्ये हात घातला आणि भाकरीचा तुकडा कालवणात बुडवून तोंडात टाकला. त्याच पातेल्यातलं, तेच कालवण. मिठाचा कणसुद्धा नव्हता.

मनुबाई माझ्याकडे बघत राहिली.

"कळला तुमाला?" ती म्हणाली. "पोराला वाटतंय मी इसरते."

"कधीपासून?"

"पयल्या दिसापासून. भाकरी तशीच, मासली तशीच. मीठ तेवढा जातंय." तिने पदर सारखा केला. "येतंय ना तो. मग कशाला इधी करायचा?"

इतकी वर्षं लोकांना नाही नाही ते सांगत आलो, आणि एक खरी गोष्ट सांगायची वेळ आली तर जीभ उचलेना.

"येतो," मी शेवटी म्हणालो. "पण मनुबाई, तो दमलाय. मी ऐकलं."

ती उठली. कोपऱ्यात नामाचं वल्हं उभं होतं, ते घेतलं. तुम्हाला माहीत नसेल, ढोमी नावाचा मासा पाण्याखाली बोलतो. वल्हं पाण्यात उभं धरायचं, दांडा कानाला लावायचा. खाली थवा असला तर गुरगुर ऐकू येते. नामाला ते कधी जमलं नाही. होडीच्या टोकाला बसून ऐकायची ती मनुबाई. ती बोट दाखवायची आणि नामा तिकडे जाळं टाकायचा. खाडीत अख्खा संसार त्यांनी तसा केला.

दुसऱ्या दिवशी ती आमच्याबरोबर कल्याणला आली. येताना हौद्यात बसली, वल्ह्याचं पातं पत्र्याला आणि दांडा कानाला. पूल आला. आवाज सुरू झाला. मी मागच्या काचेतून बघत होतो. तिने डोळे मिटले. थोड्या वेळाने तिचे ओठ हलायला लागले. ती काय म्हणत होती ते मला ऐकू आलं नाही, आणि आलं असतं तरी मी इथे लिहिलं नसतं.

दाराशी उतरल्यावर तिने वल्हं चिरागच्या हातात दिलं.

"भटाला बोलव," ती म्हणाली. "किती लांबून येतंय रं तो. उपाशी हाय म्हनून नाय. मी वाढते म्हनून येतंय. 'नको' बोलायला येत नाय त्याला."

देह मिळाला नाही की पळसाच्या पानांचा आणि दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी देतात. तसा दिला, मीठबंदराच्या काठी. पुतळ्याच्या शेजारी वल्हं ठेवलं. जुनं, खारं पाणी प्यालेलं लाकूड, ते बराच वेळ पेटेना. पेटलं तेव्हा निळसर जळलं. मनुबाई रडली नाही. घरी येऊन तिने पाट धुतला, भिंतीला उभा केला, आणि इतक्या महिन्यांनी पहिल्यांदाच दार लावून घेतलं.

गाडीचा आवाज बंद झाला. काट्यावर वजन जागेवर आलं. मी तेल काढून पाहिलं, मधासारखं, स्वच्छ. चिराग गल्लीत सगळ्यांना सांगत सुटला, तात्याने शेवटी पकडलाच फॉल्ट. मीही पकडला म्हणून सांगितलं.

गोष्ट इथे संपवली असती तर बरं झालं असतं.

परवा दुपारी मी ओट्यावर बसलो होतो. पिकअप कल्याणहून आली. कोपऱ्यावर वळताना मी तो आवाज ऐकला. हूंऽऽ. चिरागने माझ्याकडे बघितलं नाही, सरळ पुढे गेला.

मी मनुबाईकडे गेलो. दार उघडं होतं. पाट उंबऱ्याच्या आत.

ती मला बघून दचकली नाही. ताटात कालवण वाढता वाढता म्हणाली, "मी ठरवलेला नव्हता, तात्या. एक दिस हात आपोआप गेला. एकच दिस, असा मनात बोलले." तिने पळी पातेल्यात ठेवली. "दमतंय तो, कळतंय मला. पन घर किती गप होतं."

"चिरागला कळलंय?"

"तो काय बोलत नाय. गाडी मातर पुलावर हळू घेतंय आता." तिने पान पाटासमोर सरकवलं. "तुमी कुनाला सांगू नका. आनि सांगितला तरी तुमचा कोन खरा मानतंय!"

ते खरंच आहे. म्हणून तर इथे लिहिलं.

घरी आलो. भाताचा कुकर लावला, वरण केलं. का कोण जाणे, दोन ताटं घेतली. मंदाकिनीचं ताट स्वयंपाकघरात तिच्या जागेवर ठेवलं, दार उघडं टाकलं आणि ओट्यावर येऊन बसलो. संध्याकाळी चाखलं. मीठ जिथल्या तिथे होतं. स्वतःवरच हसलो, दार लावलं.

काल पुन्हा वाढलं. मीठ होतं.

आजही वाढलं. आत्ता दिवेलागणीला आत जाऊन त्यातलं बोटभर वरण चाटलं, ताट उचलून मोरीजवळ ठेवलं आणि हे लिहायला बाहेर ओट्यावर येऊन बसलो. वरण जरा आळणी लागलं. आज मीच मीठ कमी घातलं असेल, असं मी मोठ्याने म्हणालो.

आत भांडं आपटलं. एकदाच.