उजव्या कुशीतली आई

माझं लिहिणं साधं आहे. सातवीनंतर शाळा सुटली, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ चुकेल. तेवढं सांभाळून घ्या. चारचौघांत बोलायला मला लाज वाटते, म्हणून लिहून सांगतो.

आमचं गाव पाथर्डीच्या डोंगराकडेला आहे. दसरा झाला की सगळं गाव ऊसतोडीला जातं. दारांना कुलपं लागतात आणि मागे म्हातारी माणसं राहतात. त्यांच्यात तरणा मी एकटाच. माझ्या दोन्ही किडन्या गेल्या होत्या. आईने, लंकाबाईने, आपली एक मला दिली. डॉक्टरांनी ती पोटात उजव्या बाजूला, खाली बसवली. हात ठेवला की लागते.

नगरच्या दवाखान्यातल्या सुकन्या सिस्टरांनी आईला समजावून सांगितलं होतं. शरीराला आपले राखणदार असतात. ते या किडनीला परकी समजून हाकलायला बघतात. म्हणून गोळ्या देऊन त्यांना गुंगीत ठेवायचं, सकाळ-संध्याकाळ, जन्मभर. आई हसली होती. "माज्याच लेकाच्या अंगात मी परकी व्हय?"

पण तिने गोळी कधी चुकू दिली नाही. घड्याळ तिला कळत नसे. रात्री मुक्कामी एसटीचा हॉर्न वळणावर वाजला की ती बांगडीने स्टीलच्या पेल्यावर दोनदा वाजवायची. टिक टिक. म्हणजे गोळी.

मागच्या हंगामात आई फडात साप चावून गेली. तेव्हापासून केशरआत्या माझ्याजवळ राहते. यंदा वडील एकटेच कोल्हापूरकडे तोडीला गेले. आईचा कोयता त्यांनी बरोबर नेला, पण तो कुणाच्या हातात देत नाहीत.

त्या दिवशी दुपारी आत्याने मला घरामागच्या कडुलिंबावरून गुळवेल आणायला पाठवलं. आमच्या लिंबावर ती मनगटाएवढी जाड चढलेली होती. गल्लीतले गहिनीनाथबाबा पारावर बसलेले. माझा मास्क बघून नेहमीसारखं म्हणाले, कोरोना गेला, तुझं मुसकं कधी निघायचं? गुळवेलीची शिफारस त्यांचीच होती. पोरगं वाळलंय, अंगात ताकद भरेल म्हणून. आत्याला ते पटलं. मलाही पटलं. ताकद कुणाला नको असते?

दिवेलागणीला आत्याने काढा उकळून आईच्याच पेल्यात ओतला. गोळीबरोबर एका घोटात घे, चव बघत बसू नको, असं बजावून ती बाबांना भाकरी द्यायला गल्लीच्या टोकाला गेली.

ती गेली आणि लाईट गेली. मी उंबऱ्याजवळ बसलो. रिकाम्या गावातला अंधार निराळाच असतो. कुठे भांडं वाजत नाही, कुठे पोर रडत नाही. एसटी अजून आली नव्हती. चुलीतल्या निखाऱ्याचा तेवढा लाल उजेड होता. मी गोळी गिळली आणि पेला ओठाला लावला.

टिक टिक.

पेला माझ्या हातात होता आणि आवाज त्याच्यातूनच आला होता. बोटांना हादरा जाणवला. मग वास आला, तव्यावर नुकत्या भाजलेल्या मिश्रीचा. आईशिवाय आमच्या घरात मिश्री कुणीच लावत नव्हतं. आणि उजव्या कुशीत आतून ऊब दाटली, कुणी तळवा टेकवल्यासारखी.

"आदी..."

मला हलता येईना.

"नगं पिऊ, बाळा... ते उठत्याल... मला हाकलत्याल..."

आवाज भ्यालेला होता. मला भुताची भीती वाटायला हवी होती. पण आईला कधी घाबरलेलं मी पाहिलं नव्हतं, त्याचंच मला रडू आलं. "न्हाई पीत," मी म्हणालो.

वळणावर हॉर्न वाजला आणि लाईट आली. पेला माझ्यासमोर जमिनीवर पालथा होता. सारवण कोरडं होतं. माझ्या जिभेवर कडूपणा नव्हता.

आत्या आली. पेला बघून म्हणाली, कडू लागला म्हणून ओतलास ना, आईवर गेलास, तीही अशीच लबाड होती. मी सुकन्या सिस्टरांना फोन लावला. गुळवेल म्हटल्यावर त्यांनी मला पुढे बोलूच दिलं नाही.

"प्यायलास?"

"न्हाई."

"थेंबभरही घेऊ नकोस. ज्यांना आपण गुंगीत ठेवतोय, त्यांनाच ती जागं करू शकते. किडनी जाईल, आदिनाथ."

आत्याने फोनमधलं सगळं ऐकलं होतं. ती पातेल्यातला काढा उकिरड्यावर फेकून आली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "तुला कुनी सांगितलं रं?" तिने हळूच विचारलं. मी आईचं नाव घेतलं. तिने पदर डोळ्याला लावला आणि पेला घासून फळीवर ठेवला.

सकाळी उजाडताच मी लिंबाकडे गेलो. काल मी वरचा तुकडाच काढला होता, पण आता वेल बुडाशी तुटली होती. मातीला घासून, एकाच तिरक्या घावात, ऊस तोडतात तशी. आत्याचे गुडघे वाकत नाहीत आणि बाबांना काठीशिवाय उभं राहता येत नाही.

मी वडिलांना फोन लावला. वेलीचं काही सांगण्याआधी तेच बोलले. ट्रॅक्टर बिघडल्यामुळे कालपासून तोड बंद होती. आईचा कोयता त्यांनी काल दुपारीच पुसून उशाशी ठेवला होता.

"आन् आता बघतो तर पात्याला हिरवा चीक हाय. मला वाटलं उसाचा रस आसंल, म्हनून बोट लावून चाखला..."

"मग?"

"कडू हाय रं, आदी. लई कडू."

मी उजव्या कुशीवर हात ठेवला. मग घरात येऊन आईच्याच पेल्यात पाणी घेतलं आणि सकाळची गोळी गिळली.